प्रादेशिक चित्रकारांचे फिरते प्रदर्शन : निवडीपासून परतीपर्यंत

कोल्हापुरात रंगवलेले निसर्गचित्र बहुधा कोल्हापुरातच पाहिले जाते. फार झाले तर ते आठवडाभर मुंबईच्या जहांगीर कलादालनात लागते, आणि त्यानंतर चित्रकाराच्या माळ्यावर किंवा विकत घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात कायमचे जाऊन बसते. सावंतवाडीच्या किंवा रत्नागिरीच्या रसिकाला त्याचे दर्शन घडते ते मोबाइलच्या पडद्यावर, जिथे जलरंगाची पारदर्शकता कळत नाही आणि तैलरंगाचा जाड थरही जाणवत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून एका बसमध्ये संग्रहालय मांडून ते गावोगावी नेण्याचा उपक्रम चालवला आहे. ती मोठ्या संस्थेची ताकद झाली. परंतु चार-पाच चित्रकार, दोन कलाशिक्षक आणि एखादे वाचनालय एकत्र आले तरी तीस मूळ चित्रे चार गावांत नेऊन सुखरूप परत आणता येतात, हे आम्ही काही वर्षे स्वतः करून पाहिले आहे.

या लेखात उदाहरणासाठी कोल्हापूर, सावंतवाडी, पणजी, रत्नागिरी आणि परत कोल्हापूर असा मार्ग धरला आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. चित्राला सर्वाधिक धोका भिंतीवर असताना नसतो. तो उतरवताना, बांधताना, टेम्पोत चढवताना आणि चौथ्या गावाहून थकून परतताना असतो. म्हणून निवड, चौकट, करार, पेटी यांपैकी प्रत्येक निर्णय घेताना हे चित्र परत कसे येणार, हा प्रश्न आधी विचारावा.

सूत्र आणि निवड

‘विविध चित्रकारांची विविध चित्रे’ हे सूत्र होऊ शकत नाही. प्रत्येक गावातील प्रेक्षकाला आपल्या गावाचा धागा सापडावा असा विषय घ्यावा. वरील मार्गासाठी ‘पाणी’ हा विषय आपोआप सुचतो, कारण कोल्हापूरला रंकाळा आणि पंचगंगेचा घाट आहे, सावंतवाडीला राजवाड्यासमोरचा मोती तलाव आहे, पणजीला मांडवी नदी आहे आणि रत्नागिरीला पुन्हा मांडवीच, पण ती समुद्रकिनाऱ्याची. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे आद्य नाव असलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाच्या परिसरात केलेली निसर्गचित्रे पाहिली, तर हा विषय त्या मातीत किती खोल रुजलेला आहे हे लक्षात येते.

अशा वेळी आबालाल किंवा बाबूराव पेंटर यांचे एखादे मूळ चित्रच सोबत न्यावे असा मोह होतो. तो टाळावा. जुन्या चित्रांना स्थिर हवा लागते आणि ती आपल्याला गावोगावच्या सभागृहांत देता येत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा लागू होतो, आणि राजा रविवर्मा यांच्यासारख्या ज्या नऊ चित्रकारांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाल्या आहेत, त्या देशाबाहेर नेताच येत नाहीत. जुन्यांचा संदर्भ देण्यासाठी उत्तम छापलेली प्रतिकृती लावावी, तिच्याखाली ‘प्रतिकृती’ असे स्पष्ट लिहावे, आणि मूळ चित्रे पाहायची असतील त्यांना औंधच्या श्री भवानी चित्रसंग्रहालयाचा किंवा कोल्हापुरातील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयाचा रस्ता दाखवावा.

चित्रांची संख्या भिंतीवरून ठरवावी. चौकटीसह सरासरी अडीच फूट रुंदीचे चित्र आणि दोन चित्रांमध्ये दीड फुटाचे अंतर धरले, तर एका चित्राला चार फूट भिंत लागते, म्हणजे तीस चित्रांना १२० फूट. लहान शहरातील सभागृहात दारे, खिडक्या आणि भिंतीवरचे फलक वगळून एवढी मोकळी भिंत क्वचितच मिळते. भिंत मुळीच मिळाली नाही, तर चार फूट रुंदीची पंधरा पॅनेल दोन्ही बाजूंनी वापरून हे गणित जमते. चाळीस चित्रे आली म्हणून सगळी कोंबून लावलेली मी पाहिली आहेत; तशा मांडणीत प्रेक्षक चालत राहतो, एकाही चित्रापाशी थांबत नाही.

निवड समितीत तीन जण पुरेत, मात्र त्यांपैकी एक जण मार्गावरील गावांबाहेरचा असावा. समितीने छायाचित्रांवरून पहिली चाळणी करावी, पण अंतिम निवड मूळ चित्र हातात घेऊनच करावी. रंग उखडत आहे का, कॅनव्हास सैल आहे का, पाठीमागील लाकडात वाळवी आहे का, हे छायाचित्र सांगत नाही. जाड थरात रंगवलेले तैलचित्र वरून कोरडे दिसले तरी आतून अनेक महिने ओले राहते, त्यामुळे पूर्ण होऊन किमान सहा महिने झालेलीच तैलचित्रे प्रवासाला घ्यावीत.

लोकपरंपरेतील कलावंतांबाबत वेगळा विचार करावा लागतो. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) किंवा डहाणू परिसरातील वारली चित्रे या प्रदर्शनात शोभून दिसतील, परंतु ती सजावटीसाठी घेऊ नयेत. चित्रकथीचा घराण्यात जपलेला जुना संच मागू नये. त्याच घराण्यातील आजच्या कलावंताकडून नवे काम घ्यावे आणि त्याचे मोल इतरांच्या बरोबरीने द्यावे. पिंगुळीचा ठाकर कलावंत एकेक चित्र पुढे धरत गाऊन कथा सांगतो. ती चित्रे नुसती भिंतीवर टांगली तर अर्धीच कला पोहोचते, म्हणून प्रत्येक गावात निदान एकदा त्यांचे सादरीकरण ठेवावे. त्या कलावंताचा प्रवास, मुक्काम आणि मानधन यांची तरतूद सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच करावी, उरलेल्या पैशांवर सोडू नये. पाटीवर ‘वारली चित्र’ एवढेच लिहून कलावंताचे नाव गाळण्याची जी वाईट सवय आपल्याकडे रुळली आहे, ती निदान आपल्या प्रदर्शनात येऊ देऊ नये. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर तरी या कलेमागे नाव-गाव असलेली माणसे आहेत, हे सर्वांना कळायला हवे होते.

कागदपत्रे

ओळखीच्या चित्रकाराशी करार कशाला करायचा, असे वाटते. ओळख टिकावी म्हणूनच तो करावा. दोन पानांचा साधा मराठी करार पुरतो. त्यात चित्राचे नाव, माध्यम, माप, वर्ष, चित्रकाराने मान्य केलेली किंमत, चित्र ताब्यात घेण्याची आणि परत देण्याची तारीख, मार्गावरील सर्व ठिकाणे, वाहतूक व विम्याचा खर्च कोणाचा, विक्री झाल्यास आयोजकांचा वाटा किती, आणि विकलेले चित्र शेवटच्या गावापर्यंत प्रदर्शनात राहणार की लगेच खरेदीदाराला दिले जाणार, हे सर्व लिहिलेले असावे. शेवटच्या मुद्द्यावर सर्वाधिक वाद होतात. सावंतवाडीत विकलेले चित्र तिथेच दिले तर पणजीत भिंत रिकामी राहते; म्हणून विकले गेल्याची खूण म्हणून लाल टिकली लावून चित्र पुढे न्यायचे आणि दौरा संपल्यावर पोहोचते करायचे, हा नियम सर्वांना आधीच सांगावा.

छायाचित्रांच्या हक्काचे एक वाक्य करारात हवेच. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्र विकत घेणाऱ्याला त्या चित्राच्या छपाईचे हक्क आपोआप मिळत नाहीत. ते सामान्यतः चित्रकाराकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतात. त्यामुळे संग्राहकाकडून चित्र उसने घेतले, तरी भित्तीपत्रकावर ते छापण्यासाठी चित्रकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते.

वाहतुकीचे कागद पुष्कळांना अनावश्यक वाटतात, परंतु बांदा ओलांडून गोव्यात शिरताना गाडी अडवली गेली की तेच कामी येतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २१ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की, चित्रकाराने कलादालनाकडे प्रदर्शनासाठी पाठवलेले चित्र म्हणजे विक्री नव्हे. ग्राहकाने ते निवडून घेतले की मगच पुरवठा झाला असे मानले जाते. तोपर्यंत चित्रे डिलिव्हरी चलनावर (विक्री न होता माल नेण्याच्या कागदावर) नेता येतात आणि आवश्यक तेथे सोबत ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, असावे लागते. आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिलाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ती एक लाख रुपये आहे. म्हणजे कोल्हापूर ते सावंतवाडी ज्या कागदांवर निभावले, ते सावंतवाडी ते पणजी पुरे पडतीलच असे नाही. बिलाची मुदत २०० किलोमीटरमागे एक दिवस असते, त्यामुळे वाटेत मुक्काम असेल तर हिशेब आधी करावा. या मर्यादा बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीएकडून खात्री करून घ्यावी.

विमा ‘खिळ्यापासून खिळ्यापर्यंत’ घ्यावा, म्हणजे चित्रकाराच्या भिंतीवरून चित्र उतरल्या क्षणापासून ते परत त्याच भिंतीवर चढेपर्यंत. केवळ प्रवासाचा विमा घेतला तर सभागृहात रात्री छत गळून झालेले नुकसान त्यात बसत नाही. पॉलिसीतील अपवादांचे पान वाचावे. सदोष बांधणीमुळे झालेले नुकसान वगळलेले असते आणि बांधणी नीट होती हे सिद्ध करण्यासाठी छायाचित्रे लागतात.

मार्ग आणि दिवस

कोकणाचा टप्पा असलेले प्रदर्शन नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत आटोपावे. आंबोलीचा परिसर महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी आहे, आणि पावसाळ्यात तिथून कागदावरील चित्रे खाली उतरवणे म्हणजे त्यांना बुरशीच्या स्वाधीन करणे होय. फेब्रुवारी उजाडला की बारावी-दहावीच्या परीक्षा सुरू होतात, सभागृहे स्नेहसंमेलनांनंतर ओस पडतात आणि शाळाही मुलांना बाहेर पाठवत नाहीत.

सभागृह ठरवताना कलादालनाचाच आग्रह धरू नये. कोल्हापूरला शाहू स्मारक भवनाचे कलादालन आहे, पणजीला पाटो येथील संस्कृती भवन आहे. परंतु जिथे कलादालन नाही तिथे वाचनालय हे सर्वांत चांगले ठिकाण ठरते, कारण तिथे रोज येणारा वाचक आपोआप प्रेक्षक होतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे. अशा संस्थांना गावात जो मान असतो, तो आपल्याला जाहिरातीने मिळवता येत नाही. मंगल कार्यालय मात्र घेऊ नये. तिथे दिवे भडक असतात आणि मुहूर्ताची मागणी आली की आपल्याला आदल्या रात्री भिंती रिकाम्या कराव्या लागतात.

नगरपालिकेचे सभागृह घेतले असेल, तर निवडणुकीच्या काळात ते शासकीय कामासाठी घेतले जाऊ शकते हे ध्यानात ठेवून पर्यायी जागा बोलून ठेवावी. प्रत्येक गावी मांडणीला दीड दिवस, प्रदर्शनाला सहा ते आठ दिवस आणि उतरवून बांधायला एक पूर्ण दिवस धरावा. हा शेवटचा दिवस वाचवण्याच्या नादात समारोपाच्या रात्रीच चित्रे बांधली जातात, आणि बहुतेक ओरखडे त्याच रात्री पडतात.

चौकट, बांधणी, पेटी

सर्व चित्रांची चौकट साधी आणि शक्य तितकी सारखी असावी. नक्षीदार चौकटीचे कोपरे पहिल्याच प्रवासात झडतात. जलरंग आणि रेखाटने माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेत) बसवून काच व कागद यांच्यामध्ये फट राखावी, कारण दमट हवेत काचेला टेकलेला कागद काचेलाच चिकटतो. प्रवासासाठी काचेऐवजी ॲक्रिलिक शीट घालणे उत्तम. तिचे वजन त्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहून थोडे कमी असते आणि फुटली तरी तिचे सुरे होत नाहीत. पावडर शेडिंग, पेस्टल आणि कोळशाची चित्रे यांना मात्र ॲक्रिलिक चालत नाही, कारण घासले की त्यावर स्थिर वीज साठते आणि भुकटी ओढली जाते. तिथे काचच ठेवावी आणि प्रवासात तिच्यावर मास्किंग टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे तडा गेला तरी तुकडे चित्रावर पडणार नाहीत. हा टेप ॲक्रिलिकवर लावू नये, डाग राहतो.

बांधणीचा क्रम असा असावा. चित्राच्या पृष्ठभागाला लागून प्रथम ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, तो न मिळाल्यास सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद. मग चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे किंवा फोमचे टोप. त्यावर पातळ फोमचा थर. आणि शेवटी बबल रॅप, ज्याचे फुगे बाहेरच्या बाजूला असतील. हा फुग्यांचा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलो. पहिल्या दौऱ्यात एका तरुण चित्रकाराचे ॲक्रिलिक रंगातील मोठे चित्र आम्ही थेट बबल रॅपमध्ये, फुगे आत करून बांधले. टेम्पो दुपारभर उन्हात उभा राहिला, रंगाचा थर मऊ झाला आणि उघडले तेव्हा रंगवलेल्या तळ्याच्या सबंध पाण्यावर गोल गोल ठसे उमटलेले होते. तो मुलगा काही बोलला नाही. त्यानंतर आमच्याकडील प्रत्येक चित्र बांधताना एक जण बांधतो आणि दुसरा फक्त पाहतो.

पेट्या गावातील सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायवूडच्या करून घ्याव्यात. एका पेटीत चार ते पाच चित्रे उभी राहतील अशा खाचा कराव्यात, खाचांना आणि तळाला फोम लावावा, आणि झाकण खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावे, कारण तेच झाकण दौऱ्यात दहा वेळा उघडायचे असते आणि हातोडीचा प्रत्येक दणका आतल्या रंगाला बसतो. भरलेली पेटी दोन माणसांना सहज उचलता आली पाहिजे. चार हमाल लागतील अशी पेटी जिन्यावर हमखास आपटते. बाहेर क्रमांक, वरच्या दिशेचा बाण आणि ‘आडवी ठेवू नये’ ही सूचना मोठ्या अक्षरांत रंगवावी. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणत्या खाचेत कोणते चित्र बसते, हे दाखवणारी छोटी छायाचित्रे चिकटवावीत. चौथ्या गावात बांधणारी माणसे वेगळी असतात आणि त्यांना या छायाचित्रांखेरीज दुसरा आधार नसतो.

गंजिफांच्या पानांसारख्या छोट्या वस्तूंसाठी फोममध्ये त्या त्या आकाराचे खळगे कापलेली वेगळी पेटी करावी. दमट भागासाठी प्रत्येक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पेटीत पेंढा किंवा वर्तमानपत्राचे बोळे घालू नयेत. पेंढ्याबरोबर कीड येते आणि वर्तमानपत्राची शाई उतरते.

गाडी बंदिस्त असावी. छोट्या दौऱ्याला ‘छोटा हत्ती’ पुरतो, पण त्याला पक्की बंद बॉडी हवी, ताडपत्री नको. पेट्या उभ्या, चित्रांचा पृष्ठभाग गाडीच्या धावण्याच्या दिशेला समांतर राहील अशा ठेवाव्यात आणि रुंद पट्ट्यांनी बाजूच्या कड्यांना आवळाव्यात. चालकाशी निघण्यापूर्वी बोलावे. आत काय आहे हे त्याला दाखवले तर तो आंबोलीच्या वळणांवर गाडी वेगळ्या हाताने चालवतो, हा आमचा अनुभव आहे. सोबत आपला एक माणूस असावा आणि जेवणाच्या थांब्यावर त्याने गाडी सावलीत लावून घ्यावी.

या सर्वांहून महत्त्वाची वस्तू म्हणजे स्थितीनोंदीची वही. तीत प्रत्येक चित्राला एक पान असते. पानावर चित्राचे छायाचित्र, चारही कोपऱ्यांची अवस्था, आधीपासून असलेले डाग, तडे, ओरखडे यांच्या खुणा, आणि मग प्रत्येक गावी पेटी उघडताना व बंद करताना केलेली नोंद, तारीख आणि दोन सह्या असाव्यात. एक सही आपली, दुसरी यजमान संस्थेची. पहिली नोंद चित्रकाराच्या समोर त्याच्याच घरी करावी. ओरखडा नेमका कोणत्या दोन सह्यांच्या मधल्या काळात पडला हे वहीवरून कळते, त्यामुळे संशय कुणावर राहत नाही आणि विम्याचा दावाही उभा राहतो. वही पेटीत ठेवू नये. सोबत्याच्या पिशवीत असावी आणि तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र रोज मागे राहिलेल्या माणसाकडे पाठवावे.

मांडणी आणि प्रकाश

गावात पोहोचल्याबरोबर पेट्या उघडू नयेत. घाटावरच्या कोरड्या हवेतून समुद्रसपाटीच्या दमट हवेत आलेल्या लाकडाला आणि कागदाला २४ तास बंद पेटीतच राहू द्यावे, म्हणजे बदल सावकाश होतो.

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवावा आणि सर्व चित्रांचे मध्य एका रेषेत आणावेत. भिंतीवर खडूने सुतळीची रेघ मारून पाणसळीने तपासली की काम लवकर होते. बहुतेक जुन्या वास्तूंत खिळा मारण्यास मनाई असते, तेव्हा छताजवळच्या पट्टीवरून साखळी सोडावी किंवा पॅनेल वापरावीत. ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरील चित्रे लावू नयेत. तिथे तैलचित्रे लावावीत, तीही मागे बुचाचे छोटे तुकडे ठेवून, म्हणजे हवा खेळती राहते.

जलरंग, रेखाटने, कागदावरील कोणतेही काम यांवर सुमारे ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांवर सुमारे २०० लक्स इतकाच प्रकाश असावा, असा संग्रहालयांचा संकेत आहे. ५० लक्स म्हणजे बऱ्यापैकी मंद उजेड. प्रेक्षक तक्रार करतात, परंतु डोळे दोन मिनिटांत सरावतात. मोबाइलमधील मापक तंतोतंत नसला तरी अंदाज देतो. खिडक्यांना मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावावेत आणि मांडणीच्या आदल्या दिवशी सकाळी व संध्याकाळी उभे राहून ऊन नेमके कुठवर येते हे पाहून ठेवावे. हॅलोजन दिवे तापतात, म्हणून उबदार छटेचे एलईडी वापरावेत.

पाट्यांवर चित्रकाराचे नाव, गाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप असावे आणि चार ओळींहून अधिक मजकूर नसावा. पणजीसाठी मराठी, कोंकणी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पाट्या आधीच छापून न्याव्यात. किंमत पाटीवर न लिहिता वेगळ्या यादीत ठेवावी. किंमत दिसली की चित्राआधी तीच वाचली जाते.

गावाचा वाटा

प्रदर्शन आपल्या गावात आले आणि गेले, असे यजमानांना वाटू देऊ नये. तीसपैकी पंचवीस चित्रेच दौऱ्यावर न्यावीत आणि उरलेल्या पाच जागा प्रत्येक गावातील स्थानिक चित्रकारांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. ती निवड यजमान संस्थेने करावी, आपण हस्तक्षेप करू नये. सावंतवाडीचा चित्रकार कोल्हापूरच्या चित्रकाराशेजारी लागला की दोघांच्याही कामाकडे गाव वेगळ्या नजरेने पाहते. शिवाय ती पाच चित्रे पाहायला येणारी पाच कुटुंबे, त्यांचे शेजारी आणि त्यांचे विद्यार्थी हा आपला पहिला प्रेक्षकवर्ग असतो.

उद्घाटनाची भाषणे वीस मिनिटांत संपवावीत. त्याऐवजी प्रात्यक्षिकाला वेळ द्यावा. महाराष्ट्रात व्यक्तिचित्राच्या किंवा निसर्गचित्राच्या प्रात्यक्षिकाला जी गर्दी होते, ती अन्य कशालाच होत नाही. कोऱ्या कागदावर मोती तलाव हळूहळू उमटताना पाहिलेला माणूस नंतर भिंतीवरची चित्रे वेगळ्या सावकाशीने पाहतो. सकाळची वेळ शाळांसाठी राखावी. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांनी वर्षभर कागदावर स्मरणचित्रे काढलेली असतात, पण मूळ जलरंगातील चित्र हातभर अंतरावरून त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. एका वेळी तीस मुले, सोबत त्यांचे कलाशिक्षक आणि प्रत्येक मुलाच्या हाती पेन्सिल व कागद, असे नियोजन करावे. रंग व पाण्याच्या बाटल्या मात्र दाराबाहेर ठेवायला सांगाव्यात. मुलांना ‘हात लावू नका’ एवढेच सांगण्यापेक्षा चित्रकारांनी दिलेले रंगवलेल्या कॅनव्हासचे दोन तुकडे दाराशी ठेवावेत आणि तेवढ्यांना हात लावू द्यावा. जाड तैलरंग बोटांना कसा लागतो हे एकदा कळले, की मुले चित्रांपासून स्वतःहून अंतर राखतात.

खर्चासाठी अनेक लहान आधार शोधावेत. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पारंपरिक कलांचे संवर्धन हा सामाजिक दायित्वाचा विषय म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांकडे रीतसर प्रस्ताव देता येतो. नागपूरचे दक्षिण मध्य आणि उदयपूरचे पश्चिम अशा दोन्ही क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांत महाराष्ट्र सदस्य आहे, लोककलावंतांच्या सादरीकरणासाठी तिथेही विचारणा करावी. देणगीदाराचे नाव दाराशी लावावे, चित्रांच्या मध्ये नाही.

विक्री आणि परती

विक्री झाल्यास पावती त्याच वेळी, चित्रकाराला फोन त्याच दिवशी आणि पैसे ठरलेल्या मुदतीत गेले पाहिजेत. किमतीत घासाघीस आली तर आयोजकाने स्वतःहून सूट देऊ नये. सूट द्यायची की नाही हे चित्रकारच ठरवील. पणजीत झालेल्या विक्रीचा कर कोल्हापूरच्या विक्रीसारखा नसतो, ती आंतरराज्य विक्री ठरते, म्हणून त्या पावत्यांची वही वेगळी ठेवावी.

शेवटच्या गावात समारोपाच्या दुसऱ्या दिवशी, पुरेशा उजेडात, पहिल्या दिवशी होता तोच क्रम ठेवून चित्रे बांधावीत. घाईत कुणी एक चित्र दुसऱ्या पेटीत घातले, तर ते अंबा घाट चढून कोल्हापुरात उघडेपर्यंत कळत नाही. यादी मोठ्याने वाचावी, एकाने पेटीतून होकार द्यावा आणि मगच झाकण बसवावे. कोल्हापुरात आल्यावर चित्रकारांना ‘येऊन घेऊन जा’ असा निरोप पाठवू नये. आपण चित्र घेऊन त्यांच्या घरी जावे, ते त्यांच्यासमोर उघडावे, वहीतील पहिल्या पानाशी ताडून पाहावे आणि शेवटची सही घ्यावी. काही बिघडले असेल तर ते तिथेच, स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि दुरुस्तीची जबाबदारी लेखी घ्यावी. सोबत चारही गावांतील अभिप्राय वह्यांमधून त्या चित्राविषयी लिहिलेल्या ओळींची प्रत द्यावी. पुष्कळ चित्रकारांना अनोळखी गावातील माणसाने आपल्या चित्राबद्दल लिहिलेले वाक्य त्या वेळी पहिल्यांदा वाचायला मिळते.

रिकाम्या पेट्या एक दिवस उन्हात उघड्या ठेवाव्यात, फोममधील धूळ झटकावी, सिलिका जेल मंद आचेवर पुन्हा कोरडे करून घ्यावे, आणि झाकणे व स्क्रू त्या त्या क्रमांकाच्या पिशवीत बांधून पेट्या जमिनीपासून विटांवर उचलून कोरड्या खोलीत ठेवाव्यात. पुढच्या नोव्हेंबरला त्या पुन्हा लागणार आहेत.